बिडुम म्हणजे एक

जिंतूरजवळ येलदरीला अडवलेली पूर्णा गोदावरीला मिळते. बुलढाणा जिल्ह्यात दुसरी पूर्णा आहे, ती तापीला मिळते. या दुसऱ्या पूर्णेच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद तालुक्यात निहाली भाषा बोलली जाते. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार.

निहालीत मोजून पाहा: बिडुम, इरार, मोथो, नालो, पांचो. 'पांचो' ओळखीचा आहे. 'नालो' ऐकून नांदेडकडच्या शिक्षकांना तेलुगूतले 'नालुगु' आठवेल. 'बिडुम' मात्र यांपैकी कोणाचाच दिसत नाही.

ग्रियर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात (१९०६) स्टेन कोनो यांनी निहालीला मुंडा कुळात, कोरकूशेजारी बसवले. कारण उघड होते. निहाल लोक पिढ्यान्‌पिढ्या कोरकूंच्या शेतांवर राबले, त्यामुळे भाषेत कोरकू शब्दांची गर्दी झाली. पण उसनवारीवरून कूळ ठरवायचे, तर टेबल-पेन्सिल म्हणणारी मराठीही इंग्रजीची लेक ठरेल! १९६२ मध्ये डच संशोधक कायपर यांनी कोरकू, द्राविडी आणि मराठी-हिंदीकडचे शब्द बाजूला काढले. तरी सुमारे चौथाई शब्द उरले, जे कोणत्याच ज्ञात कुळात बसेनात. पाण्याला 'जोप्पो' हा त्यांतलाच. युरोपातील बास्कप्रमाणे निहाली आज एकाकी भाषा मानली जाते.

निहालीला स्वतःची लिपी नाही. मुले शाळेत मराठी शिकतात. त्या भागातील शिक्षकांनी मुलांच्या आजी-आजोबांकडून शब्द टिपताना सुरुवात शरीराचे अवयव, पाणी, झाडे यांपासून करावी. बाजाराचे शब्द भाषा सहज उसने घेते, हे शब्द त्या मानाने कमी.