विजयदुर्गाचें ग्रहण

कोंकणांत विजयदुर्गाच्या किल्ल्यावर कांहीं कट्टे आहेत. त्यांस लोक ‘साहेबाचे कट्टे’ म्हणतात. तेथें दुर्बीण मांडून नॉर्मन लॉकियर ह्या इंग्रज ज्योतिर्विदांनीं १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणांत हेलियमचा शोध लाविला, अशी कथा सर्वतोमुखीं झाली आहे. अलीकडे १८ ऑगस्टला तेथें हेलियम दिनहि साजरा होऊं लागला आहे. कथा गोड खरी, परंतु तींत अडचण एवढीच कीं, त्या दिवशीं लॉकियर हिंदुस्थानांतच नव्हते. लंडनच्या युद्धखात्यांत कारकुनी करून हौसेनें सूर्य पाहणारे ते गृहस्थ; त्यांनीं मागविलेलें वर्णपटदर्शक यंत्रच मुळीं त्यांच्या हातीं ऑक्टोबरांत पडलें.

मग आपल्या प्रांतीं तें ग्रहण पाहिलें कोणीं? गुंटूरास फ्रेंच पंडित जान्सेन होते, मछलीपट्टणास मद्रास वेधशाळेचे पॉगसन होते. आणि पटवर्धनांच्या जमखंडीस (आज ती कर्नाटकांत मोडते) लेफ्टनंट जॉन हर्शल होते. युरेनसचा शोध लावणाऱ्या विल्यम हर्शलांचे हे नातू. दिवस पावसाळ्याचे, आभाळ भरलेलें. ढगांच्या फटींतून हर्शलांनीं सूर्याच्या कडेवरील ज्वाला यंत्रांतून पाहिल्या. तेव्हां त्यांस अखंड वर्णपट न दिसतां तांबडी, नारिंगी व निळी अशा तीन सुट्या तेजस्वी रेषा दिसल्या. अशा रेषा तापलेल्या वायूच्या असतात, आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. मधली रेषा हर्शलांनीं सोडियमची, म्हणजे आपल्या नित्याच्या मिठांतल्या धातूची, समजून सोडून दिली. ती हेलियमची होती! विजयदुर्गाच्या दंतकथेहून ही हकीकत आम्हांस अधिक विलक्षण वाटते. हर्शलांस दोष देणें मात्र अन्यायाचें होईल. वेळ मोजक्या मिनिटांचा, आणि ह्या दोन द्रव्यांच्या रेषा एकमेकींच्या अगदीं शेजारीं.

जान्सेन ह्यांनीं दुसऱ्याच दिवशीं ग्रहणावांचून त्या ज्वालांच्या रेषा पाहून दाखविल्या. लॉकियर ह्यांनीं २० ऑक्टोबरला इंग्लंडांत स्वतंत्रपणें तेंच केलें, आणि दोघांचींहि पत्रें पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढें २६ ऑक्टोबरला एकाच बैठकींत आलीं. फ्रेंच सरकारनें १८७२ त दोघांचेहि मुखवटे एकाच पदकावर कोरून तो वाद होण्याआधींच मिटविला. ती पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषांशीं जुळत नाहीं, हें लॉकियर ह्यांनीं मोजून ठरविलें, व ग्रीक भाषेंतील सूर्यवाचक शब्दावरून त्या अज्ञात द्रव्यास हेलियम म्हटलें. बहुतेक रसायनज्ञांनीं तें मनावर घेतलें नाहीं. सत्तावीस वर्षांनीं, १८९५ त, रॅम्से ह्यांनीं युरेनियमयुक्त खनिजावर अम्ल ओतून तोच वायु पृथ्वीवर मिळविला.

मग विजयदुर्गाचें नांव ह्या कथेंत आलें कोठून? लॉकियर तेथें खरोखरच आले होते. मात्र २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणास. आतां ते ‘सर’ झाले होते, आणि मेल्पोमीन ह्या लढाऊ गलबतावरील अधिकारी व खलाशी त्यांच्या हाताखालीं वेध घेण्यास उभे होते. परंतु हेलियम तोंवर तीन वर्षें कांचेच्या नळींत बंद होऊन बसला होता. तीस वर्षांच्या अंतरानें लागलेलीं दोन ग्रहणें लोकांच्या स्मरणांत एक झालीं, एवढाच ह्या कथेचा उगम.

ह्या दुसऱ्या ग्रहणाकडे आम्ही फारच दुर्लक्ष केलें आहे. विजयदुर्गाहून सोलापूर जिल्ह्यांतील जेऊरपर्यंत नकाशावर रेघ ओढावी. ती कऱ्हाडावरून व दहिवडीजवळून जाते. म्हणजे १८९६–९७ च्या दुष्काळांतून नुकत्याच उठलेल्या माणदेशावर त्या दिवशीं भरदुपारीं सुमारें दोन मिनिटें काळोख पडला. जेऊरास अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आले होते, आणि तेथेंच पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रो. कावसजी दादाभाई नायगमवाला हेहि आपला सरंजाम मांडून बसले होते. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे हे चालक. वीस इंची आरशाची दुर्बीण त्यांच्या हातीं होती. १९१२ त ती वेधशाळा बंद झाली, व ती दुर्बीण कोडईकनालला गेली.