बदलाची वर्दी

दवाखान्याच्या दोन खिडक्यांवर नावनोंदणी चालू आहे. पहिल्या खिडकीवर संध्याकाळची शेवटची वेळ भरली. दुसऱ्या खिडकीच्या पडद्यावर ती अजून रिकामीच दिसते. यात डेटाबेस चुकलेला नाही. विचारले तेव्हा त्याने बरोबरच सांगितले होते, मात्र त्याला पाच मिनिटे उलटून गेली. विचारल्यावर बोलायचे, ही रिलेशनल डेटाबेसची मूळ घडण. त्याने आपणहून बोलावे यासाठी काय काय करता येते, तो या ग्रंथाचा विषय.

सर्वांत साधा उपाय पोलिंगचा: दर काही सेकंदांनी पुन्हा विचारायचे. त्याला नाके मुरडण्याची रीत मला पटत नाही. क्लायंट दहा-वीस असतील आणि मिनिटभराचा उशीर चालत असेल, तर खुशाल पोलिंग करावे. हजारो क्लायंट झाले की मात्र सर्व्हरचा बराच वेळ ‘नवीन काही नाही’ हेच सांगण्यात जातो.

पोस्टग्रेसमधली ‘लिसन’ आणि ‘नोटिफाय’ ही जोडी नवख्याने आधी अभ्यासावी. एक क्लायंट ठरावीक नावाच्या चॅनेलवर कान लावून बसतो. टेबलात बदल झाला की ट्रिगर त्या चॅनेलवर वर्दी देतो. वर्दी निघते ती ट्रान्झॅक्शन कमिट झाल्यावरच; ते मागे घेतले तर कोणाला काही कळत नाही. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये तोच मजकूर पन्नासदा पाठवला तरी पोचतो एकदाच. वर्दीसोबत मजकूर पाठवण्याची सोय 2010 सालच्या 9.0 आवृत्तीत आली, आणि तो मजकूर एरवी 8000 बाइटच्या आत बसवावा लागतो. ही मर्यादा अनेकांना जाचते. मला ती हिताची वाटते, कारण वर्दीने ‘जाऊन बघ’ एवढेच सांगावे. फायरबर्ड तर घटनेचे नाव आणि ती किती वेळा घडली याहून अधिक काही कळवतच नाही. एसक्यूएल सर्व्हरने 2005 साली आणलेली सोय ‘तुमच्या प्रश्नाचे उत्तर बदलले असावे’ असे एकदाच सांगते. पुढच्या बदलासाठी नाव पुन्हा नोंदवावे लागते.

खरी अडचण वेगळीच आहे. वर्दी निघाली तेव्हा क्लायंटचे कनेक्शन तुटलेले असेल तर? पोस्टग्रेस ती त्याच्यासाठी राखून ठेवत नाही. म्हणून पुन्हा जोडला गेलेला क्लायंट आधी चॅनेलवर कान लावतो आणि मग सगळी स्थिती नव्याने वाचतो. हा क्रम उलटला, तर मधल्या फटीत झालेला बदल निसटतो.

एकही बदल निसटून चालत नसेल, तर लॉगकडे वळावे लागते. अपघातानंतर सावरण्यासाठी डेटाबेस प्रत्येक बदल लॉगमध्ये लिहीतच असतो. 2014 सालच्या 9.4 आवृत्तीपासून पोस्टग्रेसमध्ये तो उलगडून बाहेर देता येतो. मोंगोडीबीने 2017 साली चेंज स्ट्रीम्स आणल्या. वाचणारा कुठवर आला याची खूण राहते, त्यामुळे खंड पडला तरी तिथून पुढे वाचता येते. पण हे फुकट नाही. पोस्टग्रेसमध्ये वाचणारा झोपून राहिला, तर सर्व्हर त्याच्यासाठी लॉग साठवत राहतो आणि एके रात्री डिस्क भरते. साठ्याला मर्यादा घालण्याची सोय 2020 सालच्या तेराव्या आवृत्तीत आली.

पुढची प्रकरणे वाचण्याआधी पीएसक्यूएलच्या दोन खिडक्या उघडाव्यात, एकीत ‘लिसन’ करावे आणि दुसरीतून ‘नोटिफाय’. पहिलीत काहीच उमटले नाही म्हणून गोंधळू नये. पीएसक्यूएल वर्दी आली का हे एखादी आज्ञा चालवल्यानंतरच पाहते. कोणतीही क्षुल्लक आज्ञा द्या, ती दिसेल.