दक्षिणेपासून शिष्यवृत्तीपर्यंत

‘शिष्यवृत्ती’ हा आज सर्वतोमुखी झालेला शब्द इंग्रजी अमदानीत रूढ झाला. परंतु त्याचे उत्तरपद जुने आहे. ‘वृत्ती’ म्हणजे उपजीविकेचे साधन. जोशीपणाची, कुलकर्णाची, उपाध्येपणाची वृत्ती असे, आणि ती वंशपरंपरेने चाले. शिष्याला मात्र वृत्ती नसे. त्याच्या वाट्याला माधुकरी येई, किंवा सात घरी सात वार लावून जेवणे. गुरुगृही विद्या विकत घ्यावी लागत नसे हे खरे. पण पोटाची व्यवस्था ज्याची त्याला करावी लागे, आणि वार मिळणे हे विद्यार्थ्याच्या बुद्धीपेक्षा त्याच्या जातीवर अवलंबून असे. गरीब ब्राह्मण मुलाला जी सोय सहज उपलब्ध होती, ती त्याच्याइतक्याच गरीब कुणब्याच्या मुलाला नव्हती.

राज्यसत्तेने विद्येवर केलेल्या खर्चाचा महाराष्ट्रातील ठळक दाखला म्हणजे श्रावणमासातील दक्षिणा. तळेगावच्या सेनापती खंडेराव दाभाड्यांनी सुरू केलेली ही प्रथा १७३१ मधील डभईच्या लढाईत दाभाड्यांचा पाडाव झाल्यावर पेशव्यांनी पुण्यास चालविली. विद्वानांची परीक्षा घेऊन त्यांचा योग्यतेनुसार सत्कार होई, आणि उरलेल्या समुदायास पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात सरसकट द्रव्य वाटले जाई. काशी, तेलंगण, द्रविड देशांतूनही शास्त्री येत. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. दक्षिणा ही विद्या पूर्ण केलेल्यास मिळे, शिकत असलेल्यास नव्हे. म्हणजे तिला पारितोषिक म्हणता येईल, शिक्षणाची तरतूद म्हणता येणार नाही. रमण्यातील वाटपाला तर पारितोषिक म्हणणेही कठीण आहे.

पेशवाई बुडाली तेव्हा एल्फिन्स्टनसमोर प्रश्न उभा राहिला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात या कामी सुमारे पाच लाख रुपये खर्च होत असल्याचे त्याने नमूद केले आहे. तेवढा खर्च कंपनी करणार नव्हती, आणि तो एकदम थांबविल्यास पुण्यातील शास्त्रीवर्ग बिथरेल ही भीतीही होती. अखेर दक्षिणेची रक्कम ५०,००० रुपयांवर आली, आणि १८२१ मध्ये चॅप्लिन या कमिशनरच्या पुढाकाराने विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. तेथे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना दरमहा वेतन मिळू लागले. हेतू राजकीय असेल. परंतु देणगीचा ओघ पंडिताकडून विद्यार्थ्याकडे वळला तो येथे.

नव्या शास्त्र्यांना दक्षिणा देणे सरकारने १८३६ मध्ये बंद केले. मग शिल्लक पडणाऱ्या पैशाचे काय करावे, यावर पुण्यात मोठे वादळ झाले. या निधीचा काही भाग उपयुक्त मराठी ग्रंथांना उत्तेजन देण्यासाठी लावावा, असा अर्ज १८४९ च्या सुमारास लोकहितवादी व त्यांच्या मताच्या सुधारकांनी केला. सनातनी मंडळींचा रोष असताही तो सरकारकडे गेला, आणि दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. कमिटीचे दार सर्वांना सारखे उघडे होते असे नाही. जोतीराव फुले यांचे ‘तृतीय रत्न’ हे नाटक १८५५ मध्ये तिने नाकारले. ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे कमिटीचे काही चालले नाही, असे फुले यांनीच पुढे लिहून ठेवले आहे.

निधीचा दुसरा भाग महाविद्यालयांतील ‘दक्षिणा फेलो’ या पदांकडे गेला. रा. गो. भांडारकर आणि म. गो. रानडे हे अशा फेलोंपैकी होत. शब्दाचा हा जोड मोठा मजेदार आहे. ‘फेलो’ हा मुळात उत्तर युरोपातील शब्द, भागीदारीत आपले द्रव्य टाकणारा अशा अर्थाचा. त्याला यज्ञसंस्थेतील ‘दक्षिणा’ विशेषण म्हणून लागली. श्रावणातल्या दानाने पदवीधर पोसला गेला, आणि त्याच पदवीधरांनी पुढे त्या दानामागच्या समाजरचनेची चिकित्सा केली.

तथापि मूळ प्रश्न सुटला नव्हता. हंटर आयोगापुढे १८८२ मध्ये सादर केलेल्या निवेदनात फुले यांनी त्यावर नेमके बोट ठेवले. स्पर्धेने शिष्यवृत्ती देण्याची पद्धत तत्त्वतः न्याय्य दिसते. परंतु तिच्यामुळे आधीच शिकलेल्या वर्गांनाच अधिक उत्तेजन मिळते, म्हणून काही शिष्यवृत्त्या शिक्षण न पोचलेल्या वर्गांसाठी वेगळ्या ठेवाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. त्या काळच्या शिक्षणविषयक लिखाणात इतके स्वच्छ विश्लेषण क्वचितच सापडते. गुणवत्तेची कसोटी लावण्यापूर्वी कसोटीपर्यंत कोण पोचू शकतो हे पाहिले पाहिजे, हा त्याचा आशय.

त्याची अंमलबजावणी प्रथम संस्थानांत झाली. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९०१ पासून निरनिराळ्या जातींची वसतिगृहे उभी केली. वार आणि माधुकरी ज्यांना अप्राप्य होती त्यांच्या जेवणाची आणि निवाऱ्याची ही सोय होती. बडोद्याचा मार्ग वेगळा होता. कृष्णाजी अर्जुन केळुसकरांच्या शिफारशीवरून सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना बी. ए. पर्यंत दरमहा २५ रुपये दिले. १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मंजूर झाले. ही देणगी मात्र निरपेक्ष नव्हती. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार तिच्यामागे होता.

मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये आंबेडकरांना लंडनचा अभ्यासक्रम अर्धवट टाकून परतावे लागले. कराराप्रमाणे ते बडोद्यास गेले. पण उच्चविद्याविभूषित अधिकाऱ्याला त्या शहरात राहावयास जागा मिळेना, आणि थोड्याच दिवसांत त्यांना मुंबईस परत यावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयातील पगारातून शिल्लक टाकून आणि नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद असताना त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी केंद्र सरकारकडून प्रतिवर्षी तीन लाख रुपयांची तरतूद मंजूर करून घेतली. परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांचाही तीत समावेश होता.