मानेतील धमनी आणि तारेची जाळी

आदिलाबाद जिल्ह्यातील बोथ हा कापसाचा आणि डोंगरदऱ्यांचा मुलूख. पलीकडे नांदेड जिल्ह्याचा किनवट तालुका लागतो. त्यामुळे तेलुगू आणि गोंडी यांच्या जोडीला मराठीही या भागात कानी पडते. मराठी मुलखात कुणाचा हात एकाएकी लुळा पडला, तोंड वाकडे झाले, शब्द अडखळू लागले, की ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. काही वेळाने हात पूर्ववत झाला, तर वारे आले तसे गेले असे समजून घरची माणसे निश्चिंत होतात. वस्तुतः या वाऱ्याचा उगम कित्येकदा मानेतील एका धमनीत असतो. त्या धमनीला तारेच्या जाळीचा आधार देण्याची कला गेल्या काही दशकांत कशी घडत गेली, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

मानेच्या दोन्ही बाजूंस बोट ठेवले असता जी ठोके देते, ती ही धमनी. तिचे महत्त्व प्राचीनांच्या ध्यानात आले होते. कंठनाडीच्या दोहों बाजूंस ‘नीला’ आणि ‘मन्या’ या नावांच्या धमन्या असून त्यांस इजा झाली तर वाचा जाते, असे सुश्रुताने मर्मांच्या प्रकरणात सांगितले आहे. या धमनीचे ‘कॅरोटिड’ हे पाश्चात्त्य नाव गुंगी आणणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडले; ती दाबली असता माणूस गुंगतो, हे ग्रीकांनीही पाहिले होते. इ. स. १६६४ मध्ये इंग्लंडच्या टॉमस विलिस याने मेंदूच्या तळाशी असलेले धमन्यांचे कडे वर्णिले. एका बाजूची धमनी बंद पडली तरी काही माणसे धडधाकट कशी राहतात, याचा उलगडा त्यातून झाला.

परंतु जिवंत माणसाच्या मानेत काय चालले आहे हे दिसण्यास १९२७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी लिस्बन येथे एगाश मोनिश यांनी धमनीत क्ष-किरणांना अपारदर्शक असे द्रव्य सोडून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे छायाचित्र घेतले. पुढे १९५१ मध्ये कॅनडाचे मिलर फिशर यांनी दाखवून दिले की, अर्धांगवायूचे कारण मेंदूतच शोधण्याची सवय चुकीची आहे. जबड्याखाली जेथे ही धमनी दुभंगते, तेथे साठलेल्या मेदाच्या किटणात ते पुष्कळदा सापडते. या फाट्यापाशी रक्ताच्या प्रवाहात भोवरे उठतात, भिंतीलगत प्रवाह मंदावतो आणि किटण धरते. त्यातले कण सुटून वर मेंदूत गेले की हात लुळा पडतो. कण लहान असला आणि विरघळून गेला, तर हात पुन्हा चालू लागतो. ‘वारे आले आणि गेले’ ते असे.

कारण कळले तेव्हा उपायही सुचला. १९५३ मध्ये ह्यूस्टन येथे मायकेल डिबेकी यांनी धमनी उघडून किटण काढले. मात्र त्याचा वृत्तांत त्यांनी प्रसिद्ध केला तो १९७५ साली. दरम्यान १९ मे १९५४ रोजी लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ईस्टकॉट यांनी ६६ वर्षांच्या एका स्त्रीच्या धमनीचा रोगट भाग कापून दोन्ही टोके जोडली. या बाईंना त्यापूर्वी असे क्षणिक झटके ३३ वेळा येऊन गेले होते. शस्त्रक्रियेनंतर ते थांबले. तरीही या शस्त्रक्रियेने खरोखर किती लाभ होतो, हे ठरण्यास जवळजवळ चार दशके लागली. १९९१ मध्ये उत्तर अमेरिकेतील मोठ्या चाचणीचा निर्णय लागला. ज्यांची धमनी शेकडा ७० किंवा अधिक अरुंद झाली होती आणि ज्यांना झटका येऊन गेला होता, अशांत केवळ औषधांवर ठेवलेल्या शंभरांपैकी २६ जणांना दोन वर्षांत त्याच बाजूचा अर्धांगवायू झाला. शस्त्रक्रिया केलेल्यांत हा आकडा ९ होता.

मान न कापता हेच साधता येईल काय, हा पुढचा प्रश्न. १९६४ मध्ये अमेरिकेत चार्ल्स डॉटर यांनी पायातील अरुंद धमनी नळीने रुंद केली. १९७७ मध्ये झुरिक येथे ग्रुन्टझिग यांनी हृदयाच्या धमनीत फुगा फुगवला आणि पुढील दोनतीन वर्षांत हा फुगा मानेपर्यंत पोहोचला. परंतु फुगा काढला की भिंत पुन्हा मिटे, किंवा तिचा पापुद्रा सुटे. भिंतीला आतून टेकू हवा होता. हा टेकू म्हणजे स्टेंट. चार्ल्स स्टेंट नावाचा एकोणिसाव्या शतकातील लंडनचा दंतवैद्य दातांचे ठसे घेण्यासाठी एक लगदा बनवीत असे. त्याचे नाव पुढे शरीराच्या भागाला आधार देणाऱ्या वस्तूला चिकटले.

हृदयाच्या धमनीसाठी जे चालले, ते मानेत चालेना. फुग्याने रुंदावण्याच्या पोलादी जाळ्या १९९० नंतर मानेत बसवून पाहण्यात आल्या. परंतु मान वळते, वाकते, आणि ही धमनी कातडीच्या जवळ असल्याने तिच्यावर बाहेरून दाबही पडतो. अशा दाबाने चेपलेली पोलादी जाळी परत उठत नाही. म्हणून चेपली तरी आपोआप फुलणारी जाळी हवी, हे स्पष्ट झाले. अशा दोन जाळ्या पुढे आल्या. पहिली स्वीडिश अभियंता हान्स वॉलस्टेन यांची. बाजेच्या विणीप्रमाणे बारीक तारा एकमेकींवरून विणून त्यांनी ती तयार केली होती; हृदयाच्या धमनीत ती प्रथम १९८६ मध्ये बसली. दुसरी निकेल आणि टायटेनियम यांच्या नायटिनॉल या मिश्रधातूची. अमेरिकन नौदलाच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेत उदयास आलेल्या या धातूला आपला आकार आठवतो. गार असताना चेपून बारीक नळीत भरावा, आणि रक्ताची ऊब लागताच त्याने मूळ आकार घ्यावा, असा त्याचा गुण आहे.

येथून पुढे खरा पेच सुरू झाला. नायटिनॉलची जाळी म्हणजे नागमोडी कड्यांची माळ. कडी एकमेकांना लहान दुव्यांनी जोडलेली असतात. प्रत्येक वळणावर दुवा ठेवला तर जाळीची घरे लहान आणि बंद होतात. बरेचसे दुवे गाळले तर घरे मोठी आणि उघडी राहतात. आठवडी बाजारात बुरूड बसतो, त्याच्यापुढील मालात हाच भेद दिसतो. धान्याची टोपली दाट विणीची असते. तिच्यातून दाणा गळत नाही, पण ती वाकतही नाही. कोंबड्या झाकण्याचे डालगे विरळ विणीचे. ते दाबले तर वाकते, पण लहान पिल्लू त्याच्या भोकातून निसटते. बंद घरांची जाळी किटण दाबून धरते, परंतु वळणदार धमनीला बळेच सरळ करते, आणि मग जाळीच्या टोकाशी धमनीला मुरड पडू शकते. उघड्या घरांची जाळी वळणाबरोबर वळते, परंतु वाकल्या जागी तिची घरे अधिकच उघडतात आणि त्यांतून किटणाचा कण निसटू शकतो. अंतर थोडेथोडके नाही. वॉलस्टेनच्या विणीत एका घराचे क्षेत्र सुमारे १.०८ चौरस मिलिमीटर, तर ॲक्युलिंक नावाच्या उघड्या जाळीत ते सुमारे ११.४८ आहे.

जाळी बसवताना सुटणारे कण पकडण्यासाठी धमनीत वरच्या बाजूला लहानशी गाळणी किंवा फुगा ठेवण्याची युक्ती निघाली. फ्रान्सचे झाक तेरॉन यांनी १९९० मध्ये तिचा पाया घातला. पण गाळणी काम संपताच काढून घेतात. त्यानंतरच्या दिवसांत राखण करायची ती जाळीनेच. म्हणून २००७ मध्ये बेल्जियम आणि इटलीतील ३,१७९ रुग्णांची नोंद तपासली गेली, तेव्हा वैद्यकविश्वाचे तिच्याकडे लक्ष वेधले. अडीच चौरस मिलिमीटरांहून लहान घरे असलेल्या जाळ्यांत नंतरचे अपघात शेकडा १.२ होते, साडेसाताहून मोठी घरे असलेल्यांत ३.४. वाद मात्र मिटला नाही. पुढच्याच वर्षी युरोपातील दहा केंद्रांतील १,६८४ रुग्णांच्या पाहणीत बंद घरांची सरशी दिसली नाही. अखेर २०१८ मध्ये तीन मोठ्या चाचण्यांतील १,५५७ रुग्ण एकत्र पाहिले गेले. पहिल्या तीस दिवसांत अर्धांगवायू किंवा मृत्यू यांचे प्रमाण बंद घरांत शेकडा ६, तर उघड्या घरांत १०.३ आढळले. परंतु त्यांपैकी एका चाचणीच्या पुढील पाहणीत बंद घरांच्या जाळीत धमनी पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण अधिक दिसून आले. एका हाताने मिळाले, त्यातले थोडे दुसऱ्या हाताने गेले.

अलीकडच्या काळात कारागिरांनी हा पेच दोन थरांनी सोडवू पाहिला आहे. वाकणाऱ्या नायटिनॉलच्या जाळीवर अतिशय बारीक दुसरे वस्त्र चढवावयाचे. सीगार्ड नावाच्या जाळीत त्याची छिद्रे मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाहूनही लहान असतात. लहान चाचण्यांत मेंदूत गेलेल्या कणांच्या खुणा त्यामुळे कमी आढळल्या. तथापि तातडीच्या प्रसंगी वापरलेल्या काही दुहेरी जाळ्यांत रक्त गोठून धमनी बंद पडल्याचीही उदाहरणे आहेत. शिवाय जाळी कोणतीही असो, सत्तरीपुढील रुग्णांस जुनी शस्त्रक्रियाच अधिक निर्धोक ठरते, असा चाचण्यांचा कौल आहे. धमनीचे वळण, किटणाचा मऊपणा आणि रुग्णाचे वय पाहून निवड करावी लागते. सर्वांना पुरेल अशी एक जाळी अद्याप झालेली नाही.

या इतिहासात हैदराबादचेही एक पान आहे, ते हृदयाच्या स्टेंटचे. १९९० नंतरच्या दशकात क्षेपणास्त्रांचे शास्त्रज्ञ अब्दुल कलाम आणि हृदयरोगतज्ज्ञ डॉ. सोमा राजू यांनी संरक्षण संशोधनातील ज्ञान वापरून स्वदेशी आणि स्वस्त स्टेंट तयार केला. तो ‘कलाम-राजू स्टेंट’ म्हणून ओळखला जातो. नायटिनॉलप्रमाणेच येथेही शस्त्रागारातील विद्या रुग्णाच्या कामी आली. पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली, परंतु तो हुकूम हृदयाच्या स्टेंटांसाठी होता. मानेसाठीची जाळी, तिची गाळणी आणि ती बसवणारा सरावलेला हात ही मोठ्या शहरांची सामग्री. बोथजवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग दक्षिणेस हैदराबादला आणि उत्तरेस नागपूरला जातो. दोन्ही शहरे दोनशे किलोमीटरांहून दूर आहेत.

म्हणून जाळीची वीण दाट असावी की विरळ, या वादाआधी एक प्रश्न येतो: रुग्ण वेळेवर पोहोचतो काय? झटका येऊन गेल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत शस्त्रक्रिया झाली तर लाभ सर्वांत अधिक, पुढे तो झपाट्याने घटत जातो, हे २००४ मध्येच सिद्ध झाले आहे. एका डोळ्यापुढे क्षणभर पडदा येणे, हातातील भाकरी गळून पडणे, बोलताना जीभ जड होणे, या खुणा पाच मिनिटांत नाहीशा झाल्या तरी त्याच दिवशी वैद्याकडे जाणे आवश्यक आहे. रक्तदाब आणि मधुमेह यांवर नियंत्रण, तंबाखू आणि बिडी यांचा त्याग, रक्त पातळ ठेवणारी आणि मेद उतरवणारी औषधे हा उपचार जाळी बसवो वा न बसवो, प्रत्येकालाच लागतो. लंडनच्या त्या बाईंना ३३ वेळा सूचना मिळाली. पुष्कळांना ती एकदाच मिळते, आणि ‘वारे होते, गेले’ असे म्हणून तीही हातची जाते.