चार्जिंग बंद? नवा डायनामो घेण्याआधी वायर बघा

जुन्या गाडीचं इंजिन चालू असूनही डॅशबोर्डवरचा लाल बॅटरीचा दिवा विझत नसेल, तर लगेच नवा अल्टरनेटर, म्हणजे आपल्याकडचा डायनामो, घेऊ नये. बऱ्याचदा दोष वायरच्या जोडणीत असतो. फॅनबेल्ट ढिला नाही ना, तेही बघावं. बॅटरीला मल्टीमीटर लावला की इंजिन बंद असताना साधारण १२.६ आणि चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत.

अल्टरनेटरच्या मागे बोल्टला बसवलेली जाड वायर बॅटरीकडून येते. चावी काढली तरी तिच्यात करंट असतोच. पाना बॉडीला टेकला की ठिणगी! म्हणून आधी बॅटरीचं मायनस टर्मिनल काढायचं. वायर हिरवी किंवा काळी पडली असेल तर स्वच्छ तांबं दिसेपर्यंत कापायची, नवं थिंबल घट्ट दाबून बसवायचं, वर स्लीव्ह चढवायची. वायर आखूड पडली तर जोड त्याच जाडीचा हवा. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळली तर जोड तापतो, वितळतो. कपलरमधल्या बारीक वायरीही हलवून बघाव्यात.

काही जण चालू गाडीत बॅटरीची वायर काढून डायनामो तपासतात. तसं अजिबात करू नये. चांगल्या अल्टरनेटरचे डायोड त्यानं उडू शकतात.