जुन्नर-आंबेगावातील टेहळणी : बुरुजापासून छायाचित्रकापर्यंत

जुन्नर परिसरात टेहळणीची परंपरा जुनी आहे. नाणेघाटाच्या वाटेवर जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी हे किल्ले नजर ठेवीत. घाट चढून कोण येत आहे, हे जाणणे हाच त्या पहाऱ्याचा हेतू होय. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाच प्रश्न बिबट्याच्या बाबतीत नव्याने उपस्थित झाला. कुकडी प्रकल्पातील माणिकडोह, येडगाव, डिंभे इत्यादी धरणांमुळे जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत बागायत वाढली आणि उसाच्या दाट पिकात बिबट्यास आसरा मिळाला.

या भागातील बोलीत बिबट्यासही ‘वाघ’च म्हणतात. ‘वाघ आला’ या वाक्याने जात कळते, व्यक्ती कळत नाही. पिंजऱ्याचेही तसेच, जो आत शिरेल तो अपराधी ठरे. फेब्रुवारी २००१ पासून जुन्नर वनविभागात असे पकडलेले बिबटे अन्यत्र नेऊन सोडण्यात येऊ लागले. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांच्या २०११ मधील अभ्यासानुसार, तत्पूर्वी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. पुढे ही संख्या १७ वर गेली आणि त्यांतील प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाण शेकडा १८ वरून ३६ झाले.

व्यक्ती ओळखण्याचे साधन स्वयंचलित छायाचित्रकाने पुरविले. प्रत्येक बिबट्याच्या ठिपक्यांची रचना निराळी असते. शिवाय डाव्या व उजव्या कुशीवरील ठिपके जुळत नाहीत. म्हणून पाऊलवाटेच्या दोन्ही बाजूंस, गुडघ्याच्या उंचीवर, दोन छायाचित्रक बसवावे लागतात. शेजारच्या अकोले तालुक्यातील शेतीप्रदेशात याच पद्धतीने केलेली गणना २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले. बिबट्या हा शिवारातील पाहुणा नसून रहिवासी आहे, हे त्यातून सिद्ध झाले.

तथापि यंत्र बसविल्याने टेहळणी पुरी होत नाही. उष्ण देहाची हालचाल टिपणारे हे यंत्र कडक उन्हाळ्यात मंदावते. वाऱ्याने हलणाऱ्या तापलेल्या गवतानेही फसते. बॅटरी बदलणे, भिंगावरील धूळ पुसणे, समोरचे गवत कापणे ही कामे नित्याची होत. घड्याळ चुकीचे लागले असेल, तर नोंद व्यर्थ जाते. वाटेने माणसेही जातात. त्यांची चित्रे कोणी पाहावीत, हेही आधी ठरविले पाहिजे.

बुरुजावरील पहारेकऱ्यास येणारा कोण हे ओळखता येत असे, यातच त्याचे मोल होते. छायाचित्रकाचे मोलही त्यातच आहे. पिंजरा लावण्यापूर्वी ही ओळख पटली नाही, तर निरपराध प्राणी बंदिस्त होतो आणि गावावरील संकट मात्र कायम राहते.