भुयारी गाडी आणि छायाचित्रकार

न्यूयॉर्क शहरांतील भुयारी आगगाडी २७ ऑक्टोबर १९०४ रोजीं सुरू झाली. तिच्या शताब्दीच्या वर्षीं, म्हणजे २००४ च्या मे महिन्यांत, तिच्या व्यवस्थापकांनीं एक अजब बेत जाहीर केला : परवानगीवांचून कोणीहि गाडीचें अगर स्थानकाचें छायाचित्र घेऊं नये. कारण उघड होतें. ११ सप्टेंबर २००१ चा घाला शहर विसरलें नव्हतें. आणि दोनच महिन्यांपूर्वीं माद्रिद येथें आगगाड्यांत बाँबस्फोट होऊन सुमारें १९० माणसें मृत्युमुखीं पडलीं होतीं. भीति पोकळ होती असें कोण म्हणेल? परंतु घातपात योजणारा मनुष्य कॅमेरा उघडपणें डोळ्याला लावून फलाटावर उभा राहील, हें पटावयास कठीण. मनाई पाळली असती ती निरुपद्रवी हौशी लोकांनीं आणि परगांवच्या पाहुण्यांनीं!

याच गाडींत वॉकर इव्हान्स यानें १९३८ ते १९४१ या काळांत उतारूंचीं चित्रें घेतलीं. कॅमेरा कोटाखालीं दडविलेला, भिंग गुंड्यांमधून डोकावणारें, कळ दाबण्याची तार बाहींतून हातांत आलेली. समोरच्या बाकावरील माणसाला पत्ताहि नसे. थकलेले, विचारांत बुडालेले, कोणी पाहत नाहीं अशा समजुतीनें सैल सुटलेले ते चेहरे १९६६ सालीं पुस्तकरूपानें लोकांपुढें आले, आणि आज ते अमेरिकन कलेचें भूषण मानले जातात. अर्थात् येथें उतारूंच्या खाजगीपणाचा प्रश्न उठतोच. रेल्वेच्या गुप्ततेपेक्षां तो मला अधिक बिकट वाटतो. चेहऱ्याला लाज असते, रुळाला कसली?

जून २००४ मध्यें छायाचित्रकार कॅमेरे घेऊन जमले आणि गाडींतून एकमेकांचींच चित्रें काढीत हिंडले. पुढें मे २००५ मध्यें तो बेत सोडून देण्यांत आला. छायाचित्रास मुभा, मात्र दिवे, उजेड परतविणारे पडदे व तिवई वापरण्यास बंदी, हा नियम कायम राहिला. तिवईची बंदी समंजस आहे. गर्दींत तिच्यांत पाय अडकावयास किती वेळ लागतो?

पण नियम पुस्तकांत असतो आणि पहारेकरी फलाटावर. डिसेंबर २००८ मध्यें त्याच शहरांतील पेन स्थानकावर ॲमट्रॅक या रेल्वेच्या पोलिसांनीं एका हौशी छायाचित्रकारास पकडून बेड्या घातल्या. गाड्यांचीं चित्रें तो कशासाठीं घेत होता? त्याच्या सांगण्याप्रमाणें, ॲमट्रॅकनेंच भरविलेल्या छायाचित्र-स्पर्धेसाठीं.